ऐंशीच्या स्पीडवर चहाचा कप

"गाडीला बोट पण लावायचं न्हाई! नुसता फोनवर आवाज ऐकवा, रोग काय ते मी सांगतो. बोट लावून तर कुणीबी सांगंल!"

वडूजच्या अलीकडं फाट्यावर चहाची टपरी आहे, तिथं उभं राहून वीरधवल निकम हे बोलला. समोर सहा जण होते, त्यातले दोघं डुलक्या घेत होते. पण बोलला! आणि नेमकी त्याच वेळी त्याच्या घरची जीप येऊन टपरीपुढं उभी राहिली. स्टेअरिंगवर त्याचे आबा. ब्रेक दाबला तसा खालनं आवाज आला.

ठक्क!

टपरीवाला मानसिंग म्हणाला, "सांग रं डॉक्टर मग. ही काय म्हणली?"

आता वीरधवलची ओळख करून देतो. वय तेवीस. नाव तलवारीसारखं आणि अंग तलवार काढून घेतलेल्या म्यानासारखं. गाडीची विद्या त्यानं कुणा उस्तादाकडं शिकलेली नव्हती, सगळी फोनमधनं. तीन वर्षं, रोज, जेवतानासुद्धा. हिंदी व्हिडिओ, तमिळ व्हिडिओ, एक तर रशियन होता. भाषा कळायची नाही, पण माणूस नट कुठल्या बाजूला फिरवतोय ते दिसतंय की!

आबा म्हणजे सुभेदार नाथाजी निकम. अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढून आलेला माणूस. कपाळावरची आठीसुद्धा इस्त्री केल्यासारखी सरळ. घरात त्यांचा एकच नाद, चकाकी. बूट चकाकले पाहिजेत, तांब्या चकाकला पाहिजे, जीप चकाकली पाहिजे. जुना टूथब्रश आणि रॉकेलची वाटी घेऊन बसले की अलॉय रिमच्या खाचाखोचांत एक डाग शिल्लक ठेवायचे नाहीत. गाडी दाराशी आली की हिरवं ताडपत्री कव्हर, तेही स्वतः शिवलेलं. तिकडं डोंगरावर पवनचक्क्या उगीच नाही लावल्या, वारं लय. त्या वाऱ्यात सुद्धा आबांचं कव्हर जागचं हलायचं नाही.

तर जीपला गौरीच्या आधी नवीन चारी टायर टाकले आणि आठ दिवसांत दोन रोग सुरू झाले. एक, साठच्या पुढं काटा गेला की स्टेअरिंग थरथरायचं, असं की हातातलं घड्याळ खुळखुळावं. दुसरा, गाडी निघताना ठक्क, आणि थांबताना ठक्क.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला आबांनी भाकरी मोडता मोडता विषय काढला.

"फाट्यावरचा आपला गाळा मोकळा हाय. सांगलीचे जिनपाल अण्णा मागत्यात, पशुखाद्याचं दुकान टाकाय."

वीरधवलचा घास तोंडातच राहिला. त्या गाळ्यावर त्यानं मनातल्या मनात कधीच बोर्ड लावला होता! 'वीरधवल मोटर्स'. खाली बारीक अक्षरात 'आवाज ऐकून निदान'.

"आबा, त्यो गाळा मी गॅरेजला..."

"तू? फोनमधला मेकॅनिक?"

"एक चान्स द्या की!"

आबांनी भाकरी खाली ठेवली. म्हणजे आता हुकूम सुटणार.

"दसऱ्याला अण्णा यायचेत. त्यांच्यासमूर चहानं भरलेला कप मी डॅशबोर्डवर ठिवणार. ऐंशीच्या स्पीडला एक थेंब सांडला न्हाई पायजे. आन गाडी निघताना, थांबताना खालनं ठक्क ऐकू आलं न्हाई पायजे. जमलं तर गाळा तुझा. न्हाई जमलं तर गाळा अण्णांचा, आन त्याच्या पुढच्या सोमवारी तू पुण्याला. चुलत्याच्या वळखीनं गोडाऊनवर राहायचं, खोकी मोजत."

"मंजूर!" वीरधवल म्हणाला. त्याची बहीण संयोगिता पाणी पिता पिता फुस्सदिशी हसली, तिला ठसका लागला.

आईचं नाव बनुबाई. तिनं नुसतं दाराकडं, जीपकडं बघितलं आणि हात जोडले. हे लक्षात ठेवा.

झालं, दुसऱ्या दिवसापासनं ऑपरेशन सुरू! आता थरथर म्हटलं की पहिला संशय व्हील बॅलन्सिंगवर जातो, हे पहिल्या व्हिडिओत सांगतात. चाक एका बाजूला जड असलं की फिरताना लाथा मारतं. म्हणून मशीनवर फिरवून, हलक्या बाजूला शिशाचे छोटे तुकडे चिकटवून ते सारखं करतात. पण वीरधवलनं ते पहिल्याच मिनिटाला खोडून टाकलं. "बॅलन्सिंग तर टायर टाकतानाच झालंय. पावती हाय!" पावती त्यानं दोनदा बघितली. चाक एकदाही बघितलं नाही.

मग स्टेअरिंगचे टायरॉड एंड बदलले. थरथर तशीच. बेरिंग बदलले. थरथर तशीच. ठक्कसाठी इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ते, बदललं. तरी ठक्क!

मग त्यानं संयोगिताला स्टेअरिंगवर बसवलं आणि स्वतः मागच्या बाकड्यावर पालथा पडला. एक वेताची काठी घेतली, एक टोक बाकड्याच्या फळीला, दुसरं टोक कानाला. डोळे मिटले.

"सोड क्लच!"

ठक्क! काठीतनं आवाज असा कानात घुसला की दाढ हलली.

"परत!"

ठक्क!

"हितंच हाय! माझ्या बरोब्बर खाली! डिफरन्शल न्हाईतर शाफ्टचा क्रॉस!" वीरधवल ओरडला.

"दादा, मला तर वाटतंय आवाज गाडीच्या आतनंच येतोय," संयोगिता म्हणाली.

"तुला काय कळतंय? लोखंडातनं आवाज पळतो. निघतो एकीकडं, ऐकू येतो दुसरीकडं!"

"म्हंजे तुला ऐकू येतोय तिथं पण नसंल की मग."

ह्यावर कुठल्याच व्हिडिओत उत्तर नव्हतं. त्यानं तिला गाडीतनं उतरवलं.

आता हा शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा लांब लोखंडी दांडा. त्याच्या टोकाला क्रॉस असतात. ते झिजले की गाडी उचलताना आणि थांबताना ठक्क वाजतं, अगदी असंच. साताऱ्यासनं नवीन क्रॉस यायला वेळ लागला. ते आले नवरात्रातल्या अष्टमीला. दोन दिवस हातात. वीरधवलनं जीप चारी बाजूंनी दगडांवर चढवली. चाकं अधांतरी. संध्याकाळपर्यंत शाफ्ट काढला, नवे क्रॉस ठोकून बसवले, आणि शाफ्ट अंगणात आडवा ठेवून झोपायला गेला. आता नुसता जोडायचा. चार नट! उद्या सकाळी अर्ध्या तासाचं काम!

सकाळी उठला, चूळ भरली, पान्यांची पेटी उघडली. पेटी रिकामी!

पाने नाहीत, नट खोलायच्या गोट्या नाहीत, हातोडी नाही, उचकायची टॉमी नाही. साधा स्क्रू ड्रायव्हर नाही!

"आये! चोरी झाली!"

"वरडू नगंस," आईचा आवाज देवघरातनं आला. "आंघूळ करून ये. पाया पडायच्यात."

तो देवघराच्या दारात गेला आणि त्यानं कपाळाला हात लावला. आज खंडेनवमी! हत्यारांची पूजा! पाटावर सगळी मंडळी ओळीनं मांडलेली. खुरपं, विळा, ऊस तोडायचा कोयता, कुऱ्हाड, आबांचा पलटणीतला चाकू, आईचं शिवणयंत्र, पुढं पाच नारळ, आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध, नवरदेवासारखा, चौदा नंबरचा पाना! कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडू.

"आये, त्यो चौदाचा दे. चारच नट हायत. अर्ध्या तासात परत आणून ठिवतो, देवीला कळणार बी न्हाई."

आई अशी वळली की समईची ज्योत हलली.

"मांडलेल्या पूजेतनं पाना उचलतोस? वरीसभर राबत्यात ती बिचारी. त्यास्नी एक दिस सुट्टी! उद्या सकाळी पूजा हलवली की मग घे."

"आवं पण माझा गाळा..."

"गाळा बी तिच्याच हातात हाय. हात जोड."

बाहेर येऊन बघतो तर आईनं शाफ्टलासुद्धा सोडलं नव्हतं. अंगणात आडवा पडलेला शाफ्ट, दोन्ही टोकांना कुंकवाची बोटं, मध्ये हळद. जीपच्या पोटाखाली जिथं तो जोडायचा तिथंही कुंकू! ती बाई सत्तावन्न वर्षांची, गुडघे दुखतात म्हणून जमिनीवर बसत नाही, पण पूजेसाठी जीपखाली सरपटत गेली होती!

वीरधवलनं मोटारसायकल काढली आणि वडूज गाठलं. पाना उसना मिळवायचा! पहिल्या गॅरेजात गेला. शटर अर्धं, आत उदबत्ती. सगळे पाने पाटावर.

"एकच द्या दादा, चौदाचा."

"आज? येडा का खुळा तू?"

दुसरीकडं गेला. तिथं कॉम्प्रेसरला हार. टायरवाल्याकडं बॅलन्सिंगच्या मशीनला हार आणि टोकावर लिंबू. सायकलच्या दुकानात पंप सुद्धा पाटावर बसलेला! न्हाव्याकडं डोकावला तर कात्री कुंकू लावून बसलेली. तुम्हाला सांगतो, सबंध खटाव तालुक्यात त्या दिवशी एक पाना मोकळा नव्हता! माणसं राबत होती, हत्यारं सुट्टीवर!

दुपारी घरी आला आणि जीपच्या शेजारी पायरीवर बसला. हाताला काम नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा असं झालं की गाडी समोर आहे आणि काहीच उघडता येत नाही. नुसती बघत बसायची. पुण्याचं गोडाऊन डोळ्यापुढं आलं. खोकं एक. खोकं दोन. खोकं तीन.

वारं सुटलं. शाफ्ट काढायचा म्हणून जीपवरचं कव्हर अर्धं गुंडाळून टपावर टाकलेलं होतं. वाऱ्यानं त्याचा एक कोपरा उचलला, फडफडवला, आणि थाडदिशी वीरधवलच्या कपाळावर आणून हाणला!

"आयाया गं!"

डोळ्यापुढं काजवे. कपाळावर हात लावला तर लिंबाएवढं टेंगूळ! ताडपत्रीनं कधी टेंगूळ येतं का? त्यानं तो कोपरा धरला, चाचपला. दुमडलेल्या शिवणीत काहीतरी टणक होतं. संयोगिताच्या वहीतलं ब्लेड आणलं (ब्लेड पूजेत नव्हतं, त्यानं खात्री केली) आणि शिवण उसवली.

आतनं शिशाचे तुकडे पडले. छोटे, चपटे. एकावर लिहिलेलं वीस. दुसऱ्यावर पस्तीस.

वीरधवलनं ते हातावर घेतले. मग जीपच्या चाकाकडं बघितलं. रिम आरशासारखी चकाकत होती. आतल्या बाजूला मान घालून बघितलं. एक डाग नाही. एक ठिपका नाही. आणि शिशाचा एक तुकडा नाही!

तेवढ्यात आबा चहा घेऊन बाहेर आले.

"आबा, ह्या कव्हरच्या कोपऱ्याला जड जड काय घातलंय?"

"ते व्हय?" आबा खूश झाले. त्यांच्या कलाकुसरीबद्दल घरात कुणी कधी विचारायचं नाही. "वाऱ्यानं उडत व्हतं न्हवं? नवे टायर टाकल्यावर रिमा पुसताना बघतोय तर आतनं कायबाय चिकटवून ठिवलेलं. टायरवाल्यांचा गबाळा कारभार! घातलं रॉकेल आन काढलं खरवडून. फेकायचं कशाला, म्हणून शिवलं कोपऱ्यात. बग, वावटळीत बी हालत न्हाई! ह्याला म्हंत्यात डोकं!"

वीरधवलनं तोंड उघडलं. आता सांगायचं, 'आबा, महिनाभर मी गाडीचं आतडं आतडं तपासलं आन रोग तुमी हाय!' आबांच्या कपाळावरच्या आठीकडं बघितलं. तोंड मिटलं.

"भारी आयडिया हाय, आबा," तो म्हणाला.

इथं तो चुकला. पण ते पुढं कळेल.

आबा आत गेले तसा तो उठला. मशीन सुट्टीवर, पाने सुट्टीवर, पण हात? हातांना कुणी कुंकू लावलं नव्हतं! पुढची चाकं आधीच अधांतरी होती. त्यानं चाक हलकेच फिरवलं आणि सोडलं. चाक फिरलं, डुललं, आणि एक जागा खाली येऊन थांबली. परत फिरवलं. तीच जागा खाली. म्हणजे ती बाजू जड! मग वरच्या हलक्या बाजूला आतनं शिशाचा तुकडा. संयोगितानं आरसा चिकटवायला आणलेला दोन बाजूंचा जाड टेप होता, त्यानं घट्ट बसवला. परत फिरवलं. आता दुसरी जागा खाली. तुकडा थोडा सरकवला. असं करत करत दिवस मावळायच्या आत चाक कुठंही सोडलं तरी तिथंच उभं राहायला लागलं, शाळेतल्या शिस्तीच्या पोरासारखं. मागचा शाफ्ट काढलेला, म्हणून मागची चाकंही तशीच जमली.

रशियन माणसानं हे कधीतरी दाखवलं होतं. तेव्हा त्याला वाटलं होतं, बिचारा गरीब आहे, मशीन नसेल.

आणि कव्हरचं काय? उसवलेल्या कोपऱ्यात त्यानं रस्त्यावरची बारीक खडी भरली आणि चार टाके घातले. आबांना कळायला नको!

दसरा उजाडला. आईनं पूजा हलवली, पाने सुटले. आता नवीन घोळ. शाफ्ट काढताना दोन्हीकडं खूण करायची असते, जसा होता तसाच परत बसला पाहिजे. वीरधवल खूण करायला विसरला होता! जीपखाली पडल्या पडल्या त्यानं शाफ्ट ह्या बाजूनं फिरवला, त्या बाजूनं फिरवला. मग दिसलं, शाफ्टच्या टोकावर आईच्या बोटाचं कुंकू, वर जीपच्या बाजूच्या तोंडावरही आईच्या बोटाचं कुंकू. कुंकवाला कुंकू जुळवलं आणि नट आवळले. देवीनं केलं का योगायोगानं, विचारू नका. बसला!

अकराला जिनपाल अण्णा आले. सांगलीचे चौगुले, पांढरा सदरा, अत्तराचा वास, जैन मंडळींचा शांत आवाज, आणि स्वतःचं गाळलेल्या पाण्याचं भांडं सोबत. त्यांची नवीकोरी पांढरी कार जीपच्या शेजारी उभी राहिली, तशी जीप एकदम कामवाली दिसायला लागली.

"अण्णा, मागं बसा. साक्षीदार पायजे," आबा म्हणाले. स्वतः पुढं बसले. स्टीलच्या कपात काठोकाठ चहा, तो डॅशबोर्डवर. काठोकाठ म्हणजे एखादी माशी बसली असती तर सांडला असता!

वीरधवलनं देवीचं नाव घेतलं आणि क्लच इतका हळू सोडला, इतका हळू, की जीपला स्वतःलाच कळलं नाही आपण निघालो. आवाज नाही! म्हसवडच्या रस्त्याला लागले. चाळीस. पन्नास. साठ. हाताखाली स्टेअरिंग गप्प. सत्तर. डावीकडं डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या, त्या जास्त हलत होत्या. ऐंशी!

कपातला चहा असा स्थिर की त्यात आबांची मिशी दिसत होती.

"सुभेदार, थेंब न्हाई सांडला!" अण्णा मागनं म्हणाले.

आबांनी कपाकडं बघितलं, पोराकडं बघितलं. आठी जरा ढिली झाली. वीरधवलची छाती फुगली, शर्टाचं एक बटण कुरकुरलं. मोटर्स! वीरधवल मोटर्स! आणि तेवढ्यात रस्त्यात आडवी आली मेंढरं. शंभरेक. दाबला ब्रेक.

ठक्क!

चहा आबांच्या मांडीवर.

बाहेर फक्त मेंढरं बोलत होती. आबांनी खिशातला रुमाल काढला, पँट पुसली, रुमालाची घडी घातली.

"चहाचं सोड, ब्रेकला कुनाचाबी सांडंल. पण ठक्क वाजलं. सोमवारी सकाळची एस्टी."

"आबा, क्रॉस नवा हाय! शाफ्ट नवा केल्यागत हाय! कसं वाजंल?"

"मी बहिरा हाय?"

"थांबा सुभेदार," अण्णा म्हणाले. ते मागच्या बाकड्यावर एका बाजूला कलले होते, तोंडावर विचित्र भाव. "ह्ये खालनं न्हाई वाजलं. माझ्या बुडाखालनं काय तरी पळत गेलं."

"काय पळत गेलं?"

"मला काय म्हाईत? पर जित्तं आसंल तर मी उठतो, त्येला इजा नगं."

अण्णा अलगद उठले. वीरधवलनं बाकड्याची फळी उचलली. खाली पत्र्याची पेटी असते, रिकामी, वर्षानुवर्षं कुणी न उघडलेली.

पेटीत नारळ होता.

नुसता नारळ नाही! हिरवा खण, त्यात नारळ, तांदूळ सांडलेले, हळकुंड, सुपारी, खारीक आणि एक गजरा, पार वाळून कोळ झालेला. गाडी निघाली की नारळ मागं. गाडी थांबली की नारळ पुढं, आणि पत्र्यावर ठक्क! महिनाभर!

वीरधवल काठी कानाला लावून झोपला होता ते बरोब्बर ह्याच्यावर.

आबांनी तिथंच घरी फोन लावला, स्पीकरवर.

"बनुबाई! जीपमधी नारळ कुनी ठिवला?"

"मी," पलीकडनं शांतपणे उत्तर. "नारळ न्हाई त्यो. वटी हाय. गौरीची भरली, मग तिची बी भरली. नव्या चपला घातल्या तिला तुमी, चारी पायात, आन मोकळ्या वटीनं न्यायची व्हय? घरची लेक हाय ती. काढू नगा बरं का त्यो!"

"आगं पर..."

"आन गाळ्याचं काय झालं? मी पोरासाठी बी तिलाच साकडं घातलंय." आणि फोन बंद.

आबांनी फोन खिशात घातला. मग म्हणाले, "काय बी असूं दे. अट ती अट. ठक्क वाजलं न्हाई पायजे म्हणलो व्हतो. वाजलं."

वीरधवलनं मान खाली घातली. खोकं एक. खोकं दोन.

"सुभेदार," अण्णा म्हणाले, "एक इचारू? ह्यो आवाज गाडीचा हाय का?"

"न्हाई."

"मग कुनाचा?"

"मालकिणीचा."

"मग मालकिणीचा आवाज बंद करायची अट घातलीती का पोराला?"

आबांनी अण्णांकडं बघितलं. मिशी हलली. आणि जे अठ्ठावीस वर्षांत पलटणीनं बघितलं नसेल ते मेंढरांनी बघितलं, सुभेदार नाथाजी निकम पोट धरून हसले!

"अण्णा, त्येवढी हिंमत आमच्या कर्नलसायबात बी न्हवती!" डोळे पुसून ते पोराकडं वळले. "गाळा तुझा. पर धवल्या, त्ये स्टेअरिंग कसं बरं केलंस रं? रोग काय व्हता?"

आता बघा, हीच ती वेळ होती. खरं सांगून टाकायची. आबा हसत होते, अण्णा साक्षीला होते, गाळा हातात होता. ह्याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. पण वीरधवलनं नजर मेंढरांकडं वळवली.

"बॅलन्स गेलता, आबा. आणला."

"कुठं गेलता?"

"असाच. वाऱ्यानं."

"शाब्बास!" आबा म्हणाले.

घरी दणक्यात दसरा झाला. गाळ्याचं शटर वर गेलं, आपट्याची पानं वाटली. अण्णांना दुसरा गाळा बघून द्यायचं आबांनी कबूल केलं. पुरणपोळी झाली. अण्णांची भाजी कांदा-लसूण-बटाट्याशिवाय वेगळी झाली. अण्णा आत जेवत होते, वीरधवल त्यांना वाढता वाढता क्रॉस म्हणजे काय ते तिसऱ्यांदा सांगत होता. आबा मात्र बाहेर होते. लय खुशीत होते. आईही मधनंच झाकलेलं ताट घेऊन बाहेर जाऊन आली. कशाला, ते कुणी विचारलं नाही.

"वीरधवल," निघताना अण्णा म्हणाले, "पहिलं गिऱ्हाईक मी. कवाबी गाडी बिघडली तर तुलाच फोन."

"अण्णा, नुसता आवाज ऐकवायचा! गाडीला बोट न लावता सांगतो!"

अण्णांची पांढरी कार गेली. आज ती जास्तच पांढरी दिसत होती. रिमा तर अशा चकाकत होत्या की रस्त्यावर कवडसे पडत होते.

पाऊण तासानं फोन वाजला. अण्णा.

"आरं, आत्ता मायणी गेली. गाडीचं स्टेअरिंग थरथराय लागलंय, घड्याळ खुळखुळतंय हातात! सकाळी येताना कायबी न्हवतं! आन ब्रेक दाबला की मागनं डिकीत... थांब, ऐकवतो."

फोनमधनं आवाज आला.

ठक्क!

वीरधवलनं हळूच मान वळवली. अंगणात आबा मांडी घालून बसले होते, मांडीवर हिरवं कव्हर, तोंडात दोरा, सुई ओवत होते. शेजारी रॉकेलची वाटी, टूथब्रश आणि शिशाचे सात-आठ तुकडे ओळीनं मांडलेले.

"धवल्या," आबा म्हणाले, "कव्हरच्या कोपऱ्यात कुनीतरी खडी भरलीती. बरं झालं पावण्यांच्या गाडीच्या रिमांत बी घाण व्हती!"

पलीकडं देवघराच्या दारात आई उभी होती. पूजेतल्या पाच नारळांतले चारच पाटावर उरले होते.

"आरं बोल की!" फोनमधनं अण्णा ओरडत होते. "बोट न लावता सांगतो म्हणलावतास न्हवं? काय झालंय माझ्या गाडीला?"

"अण्णा," वीरधवल म्हणाला, "गाडीला कायबी झालेलं न्हाई. आमच्या घरी पावणी म्हणून येऊन गेली ती, वटी भरून, एवढंच."